साच्यावर बरोबर बसते

प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी टाळी वाजवली, वेळ संपली म्हणाल्या आणि त्याच्याकडे हात करून विचारलं, "हं काका, आता तुम्ही सांगा. ताई काय म्हणाल्या?" आणि त्याची दातखीळ बसली. समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्यांच्या दातांच्या लॅबच्या काउंटरवर बसणारी मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत होती. गेली तीन मिनिटं ती बोलत होती आणि तो ऐकत होता. बाईंनी बजावलं होतं तसं तिच्याकडे बघत, मध्ये न बोलता, अधूनमधून मान डोलवत. मान डोलवलेली त्याला चांगली आठवत होती, शब्द मात्र एकही आठवत नव्हता. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी चौदा माणसांसमोर धडा न आलेल्या पोरासारखं बसायची पाळी आली होती. काहीतरी तर बोलायलाच हवं, म्हणून जे खरोखर पाहिलं होतं तेच त्याने सांगून टाकलं. "यांचा डावीकडचा वरचा सुळा झिजलाय. पार सपाट झालाय. खालचे पुढचे दोनही झिजलेत. या झोपेत दात खातात. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील." सगळे खो खो हसले. पॉलिशच्या चाकावर बसणारा तर दात काढून हसला, आणि त्याची एक दाढ किडलेली आहे हेही याला दिसलं. मुलगी हसली नाही. तिने झटकन ओठ मिटले आणि हात अर्धवट तोंडापर्यंत नेऊन खाली घेतला. ओठ मिटायची ती घाई त्याने कुठेतरी पाहिली होती. एकदा नव्हे, रोज पाहिली होती. कुठे ते आठवेना.

"काका, दात नव्हते बघायचे. बोलणं ऐकायचं होतं," बाई हसून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. फळ्यावर त्यांनी निळ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: ऐका, थांबा, त्याचंच त्याला परत सांगा, आणि 'बरोबर?' असं विचारा. तो त्या अक्षरांकडे बघत राहिला. यात शिकवण्यासारखं काय आहे, असं सकाळी त्याला वाटलं होतं. कान आहेत, माणूस ऐकतोच. चौतीस वर्षं तो दात करत आला होता आणि या चौतीस वर्षांत एकही तोंड त्याने उघडलेलं पाहिलं नव्हतं. माणसं त्याच्याकडे माणसं म्हणून येतच नसत, डबीत घालून येत. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, तो त्यात प्लॅस्टर ओतायचा, आणि दुसऱ्या दिवशी एक पांढरं, गार, गप्प तोंड, म्हणजे साचा, त्याच्या टेबलावर उभं असायचं. त्याच्यावर मेण चढवायचं, मेणात दात लावायचे, ओतायचं, घासायचं, चकचकीत करायचं आणि डबीत घालून परत पाठवायचं. ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली तो शिकला तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, "एक गोष्ट गाठीला बांध. माणूस खोटं बोलतो, साचा नाही. माणूस म्हणेल दुखतं, माणूस म्हणेल सैल आहे. तू कवळी साच्यावर लावून बघ. बसली? मग बसली." त्याने ती गाठ अशी आवळली की पुढे ती सुटेचना. लेक आठवीत असताना एकदा रडत म्हणाली होती, मला त्या शाळेत नाही जायचं. त्याने तिची गुणपत्रिका मागून घेतली, सगळे विषय पाहिले आणि म्हणाला, "चांगलं चाललंय की. मग काय अडचण आहे?" लेक डोळे पुसून निघून गेली. त्याला वाटलं, प्रश्न मिटला.

आता मालकांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं होतं. पुढच्या महिन्यापासून लोकांनी तुटलेली, सैल झालेली कवळी घेऊन थेट लॅबमध्ये यायचं आणि कारागिरानेच त्यांच्याशी बोलायचं. म्हणून या बाई, म्हणून हे तीन गुरुवार. पहिल्या गुरुवारी बाईंनी प्रत्येकाला आपल्या घरातली एक चांगली गोष्ट सांगायला लावली होती. त्याची पाळी आली तेव्हा त्याला अडखळावं लागलं नव्हतं. "मी संध्याकाळी बेल वाजवली की आत लगेच नळ सुटतो. बायको पाणी भरायला घेते. दार उघडते तेव्हा हातात पेला असतो. इतक्या वर्षांत एकदा चुकलेलं नाही." सगळे "वा" म्हणाले होते आणि तो चक्क लाजला होता. आज हा दुसरा गुरुवार. आणि परवा, शनिवारी, बायको लेकीकडे जाणार होती. चार दिवस जाऊन यायचं अशी ती तयारी नव्हती. कपाटाशी उभ्या असलेल्या मोठ्या बॅगेत सुती कपडेही होते आणि लोकरीचेही. शिवणाची कात्री होती, चष्म्याची जुनी जोडी होती, लेकीच्या लहानपणीचे फोटो होते. परतीचं तिकीट नव्हतं. हे सगळं त्याने पाहिलं होतं, आणि बघितल्यावर एवढंच विचारलं होतं, "बॅगेचं चाक नीट आहे ना?" मग गुडघ्यावर बसून त्याने चाकाला तेल घातलं होतं. ती दाराशी उभी राहून बघत होती. ही बाई आपल्याला सोडून चालली आहे आणि आपण तिच्या बॅगेला तेल घालतोय, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण पुढचा प्रश्न तोंडातून निघाला नव्हता.

वर्ग सुटताना बाईंनी गृहपाठ दिला. घरच्या एका माणसाला एक प्रश्न विचारायचा, तीन मिनिटं तोंड बंद ठेवायचं, सल्ला द्यायचा नाही, आपली बाजू मांडायची नाही, आणि मग त्याचं बोलणं त्यालाच परत सांगायचं. जिन्यात काउंटरवरच्या मुलीने त्याला गाठलं. तो खाली मान घालून उतरत होता, आणि ती आता तोंडसुख घेणार म्हणून त्याने मनाची तयारीही केली होती. "काका, दातांचं खरं आहे तुमचं," ती म्हणाली, "सकाळी जबडा दुखतो. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही ते. पण मी आईबद्दल बोलत होते. परत सांगू?" तो कठड्याला धरून थांबला. ती म्हणाली, "आईचा गुडघा दुखायचा. ती सांगायची आणि आम्ही सगळे म्हणायचो, होईल बरा, चालत राहा. मग ती सांगायची थांबली. मला वाटलं, बरा झाला. परवा मी लवकर घरी गेले, तर ती आमच्या जिन्यावरून बसून उतरत होती. एकेक पायरी, बसून. मला बघितलं आणि पटकन उभी राहिली." ती एक पायरी खाली उतरली. "एवढंच बोलत होते मी तीन मिनिटं." फळ्यावरचं आठवून तो हळू आवाजात म्हणाला, "आई सांगायची थांबली आणि तुम्हाला वाटलं, बरी झाली." मुलगी म्हणाली, "बरोबर." तिचे डोळे भरले होते. ती पुढे निघून गेली तरी तो त्याच पायरीवर उभा होता.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. ती सांगायची थांबली. आठ वर्षांपूर्वी बायकोचे वरचे सगळे दात हिरड्यांच्या दुखण्याने काढावे लागले तेव्हा माप डॉक्टरांनी घेतलं, आणि कवळी अर्थातच त्याने केली. दुसऱ्या कोणाच्या हाती ते काम जाऊ देणं शक्यच नव्हतं. दात त्याने तिच्या लग्नातल्या फोटोवरून निवडले होते, एक जरा तिरका होता तो तसाच तिरका लावला होता. तिला तेव्हा हसायची फार खोड होती. क्षुल्लक गोष्टीवर हसायची, हसताना मागे रेलायची, समोरच्याच्या हातावर चापट मारायची. भर घोळक्यात हसताना हिची कवळी निसटली तर काय, या धास्तीने त्याला दोन दिवस झोप नव्हती. वरची कवळी टाळूला धरून राहावी म्हणून साच्यावर मागच्या बाजूला एक बारीक आडवी रेघ कोरतात; कवळीवर तिथे तेवढाच उंचवटा उठतो आणि टाळूत रुततो. किती खोल, ते डॉक्टर तोंडात बोट घालून, टाळू दाबून ठरवतात आणि लिहून पाठवतात. डॉक्टरांनी लिहिलं होतं. त्याने ते वाचलं, चाकू घेतला आणि तिच्यासाठी म्हणून थोडी जास्त कोरली. कवळी अशी घट्ट झाली की काढायला बोट आत घालावं लागे. आठवडाभर ती म्हणत होती, मागे टोचतंय हो. आठव्या दिवशी त्याने लॅबमधून साचा पिशवीत घालून घरी आणला, जेवायच्या टेबलावर ठेवला, कवळी त्याच्यावर बसवली, दिवा जवळ ओढला आणि म्हणाला, "बघ, केसभर फट नाही. होईल सवय." तिने वाकून नीट पाहिलं होतं. त्यानंतर तिने कधी तक्रार केली नाही. बाकीचे साचे सहा महिन्यांनी फेकून देतात. तिचा साचा त्याने अजून आपल्या टेबलावरच्या फळीवर जपून ठेवला होता, आणि कधीमधी फडक्याने त्याच्यावरची धूळ पुसायचा. यालाच आपण प्रेम म्हणत आलो, हे बसमध्ये बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं आणि त्याचे कान तापले.

दारासमोर आल्यावर त्याने बेल वाजवली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दाराबाहेर उभं राहून ऐकलं. आत खुर्ची सरकली. मग पावलं घाईने गेली, पण स्वयंपाकघराकडे नाही. नळ सुटला. तो स्वयंपाकघरातला नव्हता, आतल्या बेसिनचा होता. मग नळ बंद व्हायच्या आधी एक लहानसा आवाज आला, टक. हा आवाज त्याच्याइतका ओळखीचा कोणाला असणार? कवळी चिनी मातीला लागली की असाच आवाज होतो. चौतीस वर्षं, दिवसातून चाळीस वेळा त्याने तो ऐकला होता. नळ बंद झाला, दार उघडलं, हातात आधीच भरून ठेवलेला पेला होता, आणि बायकोने झटकन ओठ मिटून घेतले. ती घाई त्याने कुठे पाहिली होती ते आता कळलं. त्याने पेला न पिताच टेबलावर ठेवला.

"आज लवकर आलात," ती म्हणाली. बस वेळेवरच आली होती, पण त्याने ते सांगितलं नाही. "बस ना जरा," तो म्हणाला. "भाजी टाकलीय गॅसवर." "बंद कर." तिने त्याच्याकडे पाहिलं, गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत समोर येऊन बसली. "बरं नाही वाटत का?" "गृहपाठ आहे. मालकांनी लावलाय." "या वयात?" तिच्या गालाला हसल्यासारखी एक घडी पडली, ओठ मात्र हलले नाहीत. बसमध्ये त्याने प्रश्न घोकून ठेवला होता, किती दिवसांसाठी चाललीस, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "अजून टोचते का गं?"

काय टोचते असं तिने विचारलं नाही. "कशाला आता ते," ती म्हणाली. "तीन मिनिटं मी बोलणार नाही. बोललो तर थांबव." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग उठली, आत गेली. या वेळी नळाचा आवाज आला नाही. परत आली तेव्हा तिने बशीत कवळी ठेवली आणि ती दोघांच्या मधोमध सरकवली. आठ वर्षांत तिचं हे तोंड त्याने पाहिलं नव्हतं. वरचा ओठ आत गेला होता, हनुवटी वर आली होती, गाल बसले होते. ती म्हातारी दिसत होती, आणि सुटल्यासारखी दिसत होती. त्याची नजर सवयीने बशीकडे वळली, कवळीच्या मागच्या कडेकडे. नजर मोठ्या कष्टाने त्याने उचलली आणि तिच्या डोळ्यांवर ठेवली.

"टोचते," ती म्हणाली. शब्दांतून थोडी हवा जात होती. "पहिल्या दिवसापासून टोचते. मागे, टाळू मऊ होतो ना, तिथे एक आडवी रेघ आहे. गिळताना लागते. मी तुम्हाला रोज सांगत होते. मग तुम्ही तो साचा आणलात, याच टेबलावर. केसभर फट नाही म्हणालात. मी बघितलं, खरंच नव्हती. मग मला वाटलं, माझंच तोंड चुकीचं असेल."

"पण डॉक्टरांकडे तरी..." एवढं त्याच्या तोंडून निघालं. तिने बोट वर केलं.

"डॉक्टरांकडे जायचं म्हणजे तुमच्या हातचं काम चुकलं, असं सांगत फिरायचं. तुम्ही तर शेजारच्या वहिनींनासुद्धा माझे दात दाखवले होते, बघा तिरका दात तसाच लावलाय म्हणून. मग म्हटलं, राहू दे. तुम्ही कामावर गेलात की काढून ठेवते. बेल वाजली की घालते. रात्री तुमच्यासमोर ती घालून जेवायचं म्हणून चार घास खाते, आणि तुम्ही म्हणता, वय झालं, भूक मेली. लेकीला माहीत आहे. कवळी बसवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने फोनवर विचारलं, आई, तुझं बोलणं असं का येतंय? विचारलं तिने, म्हणून सांगितलं." ती थांबली. घड्याळात अजून वेळ होता. बाहेर जिन्यावरून कोणीतरी भांडं आपटत उतरलं. "दातांचं एवढं काही नाही हो. दातांशिवाय माणसं जगतात. पण आपल्या घरात बेल वाजली की आपण दचकून उठायचं आणि घरच्या माणसासाठी तोंड चढवायचं, हे आता नाही होत माझ्याच्याने. लेकीकडे कोणाचीही बेल वाजली तरी मी बसल्या जागेवरून उठत नाही."

तीन मिनिटं झाली होती की नाही कोण जाणे. ती त्याच्याकडे बघत होती. "तुला टोचते," तो म्हणाला, "मी दुरुस्त करून देतो." तिने मान हलवली. "असं मी म्हटलं का?" त्याने पुन्हा सुरुवात केली. "पहिल्या दिवसापासून टोचते. तू सांगत होतीस. मी तुला साचा दाखवला. तुला वाटलं, तुझंच तोंड चुकीचं. मग तू सांगायची थांबलीस." त्याने दाराकडे पाहिलं. "बेल वाजली की तू दचकतेस. माझ्यासाठी तोंड चढवतेस. तिकडे उठावं लागत नाही. बरोबर?" पदराचं टोक डोळ्यांना लावून ती म्हणाली, "बरोबर."

"ती रेघ मी कोरली होती," तो म्हणाला. हे गृहपाठात नव्हतं. "डॉक्टरांनी लिहिली होती त्यापेक्षा खोल. म्हणून साच्यावर ती बरोबर बसायची. साचाच मी कोरलेला होता." "का पण?" तिने विचारलं. त्याला सांगायची लाज वाटली. "तू फार हसायचीस. हसताना पडू नये म्हणून." तिने बशीतली कवळी बोटाने जराशी फिरवली. तो तिरका दात दिव्याकडे आला. "नाहीच पडली," ती म्हणाली, "हसलेच नाही ना मी." त्याला रडू आलं. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही, पण उठूनही गेली नाही. शेवटी त्याने ठरवलेला प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, परत येशील ना? "माहीत नाही," ती म्हणाली, "खोटं कशाला सांगू?" मग दोघं जेवली. तिने भात कालवून, मऊ करून, पोटभर खाल्ला, आणि तो मान वर न करता तिच्या गिळण्याचा आवाज ऐकत राहिला.

शुक्रवारी लॅबमध्ये त्याने फळीवरचा साचा खाली घेतला. रेघेवरून नख फिरवलं. नख पार आत गेलं. इतकी खोल रेघ शिकाऊ कारागिराने कोरली असती तर त्याने चौघांत त्याचे वाभाडे काढले असते. जुने साचे टाकायच्या पिंपात त्याने तो टाकला, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने मान वर करून पाहिलं. तो तिच्या टेबलापाशी गेला आणि विचारलं, "आईचा गुडघा कसा आहे?" आणि ती सांगायला लागली तेव्हा तो उभाच राहिला.

शनिवारी सकाळी बायको तयार होऊन बाहेर आली तेव्हा तोंडात कवळी नव्हती. ती बशीतच होती, टेबलावर, वर एक स्वच्छ रुमाल टाकलेला. "ही राहिली," तो म्हणाला. "राहू दे. तिकडे लागत नाही मला." जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या, थबकल्या, आणि बायको त्यांच्याशी सरळ तोंड उघडून बोलली. बसच्या थांब्यापर्यंत बॅग तो ओढत होता. चाक आवाज न करता फिरत होतं. "नवी करून देईन," तो म्हणाला. "साच्यावर नाही बघणार. तू समोर बसायचंस. प्रत्येक वेळी तोंडात घालून बघायची, तू थांब म्हणालीस की मी थांबायचं." "त्यासाठी मला यावं लागेल." "हो." "बघू," ती म्हणाली. बस आली. बॅग आत ठेवताना त्याला काय सुचलं कोण जाणे, म्हणाला, "चाकाला तेल घातलं होतं मी." तिने त्याच्याकडे पाहिलं आणि एकाएकी हसायला लागली. मागे रेलून, त्याच्या हातावर चापट मारून, तोंडावर हात न धरता, पूर्वी हसायची तशी. "घालू का म्हणून तरी विचारलंत का मला?" ती हसता हसता म्हणाली. रिकामी, गुलाबी हिरडी भर सकाळी रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसत होती, आणि तोंडात पडण्यासारखं काही नव्हतं. बस निघाली तेव्हा ती खिडकीत होती आणि अजून डोळे पुसत होती, हसण्याने की कशाने ते त्याला कळलं नाही.

तो चालत घरी आला. किल्ली खिशात होती, तरी दारासमोर येताच बोट आपसूक बेलवर गेलं. बेल वाजली. आत खुर्ची सरकली नाही, पावलं आली नाहीत, नळ सुटला नाही. किल्ली हातात धरून तो दाराबाहेर ऐकत उभा राहिला.